अंधारातून वाचलेलं पत्र

माझ्या वडिलांचे, अप्पांचे, कान टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या आवाजाने गेले. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत माणसं खडखडाटामुळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. आमच्या घरातही तीच रीत: अप्पांशी बोलायचं तर उजेडात, समोर उभं राहून. एखादी गोष्ट कळली नाही, तर ते नुसतं "व्हय, व्हय" म्हणतात.

आमच्या भागात गरिबांना आयुष्यभर फुकट तपासणारे एक डॉक्टर होते. ते गेल्यावर त्यांची पत्रं सापडली. कॉलेजातल्या माझ्या सरांनी त्यांवर कार्यक्रम बसवला. पत्रं मी वाचायची आणि मधूनमधून चर्चमधल्या वयस्कर गुरुजींनी, पायाने भाता हलवत, ऑर्गनवर जुनं पाश्चात्त्य संगीत वाजवायचं.

शेवटचं पत्र अप्पांवर होतं. एक मागवाला येतो, स्वतःच्या कानांचं विचारत नाही, मुलीच्या शाळेचंच विचारतो, असं डॉक्टरांनी मित्राला कळवलं होतं. अप्पांना वाचता येत नाही. हे पत्र त्यांना स्टेजवरूनच कळावं म्हणून मी घरी काही बोलले नव्हते.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी सर म्हणाले, "तुझ्यावर लाइट नको. अंधारातून नुसता आवाज येऊ दे."

"सर, माझे वडील..."

"आलेत ना? पहिल्या रांगेत बसव त्यांना."

माझ्या कॉलेजप्रवेशाचा अर्ज सरांनी स्वतः भरला होता. आमच्या घरातली पहिली पदवी त्यांच्यामुळे झाली. मी अप्पांना पहिल्या रांगेत बसवून आले.

अप्पा चपला काढून, मांडी घालून खुर्चीवर बसले होते. पूर्ण वेळ ते गुरुजींचे पाय बघत होते. शेवटच्या पत्राला सरांनी संगीत ठेवलं नव्हतं. गुरुजींचे पाय थांबले आणि कार्यक्रम संपला असं समजून अप्पा खाली वाकून चपला शोधू लागले. एक चप्पल मागच्या रांगेत सरकली होती. मी जरा थांबले. विंगेतून सरांनी हाताने खुणावलं. मग मी अप्पांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत पत्र वाचून संपवलं. त्यांच्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या.

बाहेर आल्यावर अप्पा मोठ्याने म्हणाले, "पेटीवाल्याचे पाय लई दमले असतील की!"

गेटजवळच्या उजेडात मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात लोकांनी गराडा घातला. "काय आवाज आहे पोरीचा!" प्रत्येकाच्या ओठांकडे बघत अप्पा मान हलवत होते, "व्हय, व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी उभं राहून मी त्यांना ते पत्र सावकाश म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत माझ्या ओठांवरची नजर काढली नाही.

"हे तू म्हंतीस, का डाक्टर?"

"डॉक्टर, अप्पा. त्यांनीच लिहिलंय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "व्हय, व्हय," म्हणाले आणि डबा घेऊन कामाला गेले.