पोस्टवरचा सांबार

त्या पोस्टवर माझी बदली झाली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. उंची साडेसोळा हजार फूट. माणसं चौदा. फायबरच्या दोन झोपड्या, एक बंकर, एक हेलिपॅड आणि चारी बाजूंनी बर्फ.

आता नागपूरला कोराडी रोडवरच्या आमच्या कॉलनीत लोक विचारतात, "लांजेवार साहेब, फायरिंग किती वेळा झाली?" मी सांगतो, माझ्या पूर्ण मुक्कामात तिथे एकही गोळी चालली नाही. त्यांचा चेहरा पडतो. मला याचा राग येतो. कोणी गेलं का, हे कोणी विचारत नाही. एक गेला. नाईक दिलीप मेश्राम, राहणार उमरेड.

सकाळी पावणेसहाला स्टँड-टू, म्हणजे उजाडताना सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या जागेवर उभं राहायचं. सात वाजता चहा. आठला रेडिओवर रिपोर्ट. मग बर्फ काढणे. काढून झाला की पुन्हा पडायचा. जेवणात डाळ आणि डब्यातली भाजी. फावल्या वेळात लोक पत्ते खेळायचे आणि पत्त्यांवरून भांडायचे.

मेश्राम पत्ते खेळत नसे. तो गोटे गोळा करायचा. पाणी आणायला नाल्यावर जायची पाळी आली की जेरीकॅन भरता भरता एखादा उचलायचा. हिरवट, तांबडे, एकात पांढरी रेघ, एकावर शंखासारखी खूण. ते सगळे एका लोकरी मोज्यात भरून उशाशी ठेवलेले. पिवळ्या चोचीचे डोंगरी कावळे त्याच्या हातातून पोळीचा तुकडा घ्यायचे. बाकी कोणाच्या हातातून घेत नसत.

मी एकदा म्हणालो, "काहून गा मेश्राम, खाली उतरतांनी पाठीवर गोटे वाहून नेशील काय?"

"आईले दाखवाचे हायेत, साहेब. पोस्टिंग संपली का सगळे संगच नेईन."

तो पहिल्यांदा वर आला तेव्हा खिशात धने होते. दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात नाल्याकाठची माती आणि चहाचा चोथा घालून त्याने ते पेरले. डबा दिवसा प्लास्टिकच्या खिडकीजवळ, अंधार पडला की बुखारीजवळ. बुखारी म्हणजे आमची घासलेटची शेगडी. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं, मीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यात कोंब आले.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मेश्रामने हवालदार मुरुगनला सांगून ठेवलं होतं, "एक महीने में सांबार खिलाता हूँ." मुरुगन तमिळनाडूचा. तो शेवग्याच्या शेंगांची वाट पाहत बसला. महिना भरला त्या दिवशी त्याच्या डाळीवर मोजून चार पानं पडली. त्याने बराच वेळ ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मेश्राम, यह तो पत्ता है."

चौदा माणसं एकदम हसलेली मी तिथे त्याच दिवशी ऐकली. त्यानंतर ड्यूटीवरून आलेला प्रत्येक जण बूट काढायच्या आधी डब्यात डोकावायचा. मेश्राम सुट्टीवर गेला तेव्हा मुरुगनने बर्फ वितळवून कोमट पाणी घातलं आणि दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

मेश्राम डिसेंबरमध्ये परतला. सुट्टीवरून येणाऱ्याला खाली टप्प्याटप्प्याने थांबून उंचीची सवय करावी लागते. तीही त्याने पूर्ण केली होती. वर आल्यानंतर चौथ्या दिवशी स्टँड-टूला तो जागेवर नव्हता. चार मिनिटं उशिरा आला. डोक्यावर लोकरी टोपी नाही. मी झोपडीत जाऊन पाहिलं. बुखारी विझली होती आणि टोपी सांबाराच्या डब्याला घातलेली होती.

"टोपी कशाले असते?"

"डोक्याले, साहेब."

"मंग?"

तो टोपी आणायला वळला.

मी म्हणालो, "दहा ते बारा हेलिपॅड. फावडं घे. एकटा."

"राइट, साहेब."

जाताना तो दोनदा खोकला. मी ऐकलं. बुखारीच्या धुराने आम्ही सगळेच खोकायचो. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पटत नाही.

अकरा पस्तीसला मुरुगन आला. "साब, मेश्राम बैठ गया है. उठता नहीं."

आम्ही त्याला उचलून आत आणलं. नर्सिंग असिस्टंटने बोटाला यंत्र लावलं, छातीला कान लावला आणि माझ्याकडे पाहिलं. फुफ्फुसांत पाणी भरत होतं. उंचीवरचा आजार. ऑक्सिजन लावायचा, औषध द्यायचं आणि लगेच खाली न्यायचं. यातलं तिसरंच खरं औषध, आणि तेच आमच्या हातात नव्हतं. तीन दिवस बर्फ पडत होता. खाली जाणाऱ्या वाटेवर कुठेही बर्फाचा कडा कोसळला असता.

मी रेडिओ घेतला.

"एक जवान सीरियस. फेफड़ों में पानी. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम बंद है. वेट. ओव्हर."

"कितना वेट? ओव्हर."

"वेट. आउट."

दीड वाजता तेच. तीन वाजता तेच. मी कंपनी कमांडर साहेबांना म्हणालो, आम्ही आठ जण त्याला स्ट्रेचरवर घेऊन उतरतो. ते म्हणाले, "निगेटिव्ह. एक के लिए आठ नहीं दूँगा." त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो. म्हणून तर त्यांच्यावर चिडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला हेलिपॅडवर ढग. पावणेअकराला डोक्यावर इंजिनचा आवाज आला. आम्ही केशरी धुराचा डबा फोडला. धूर वर गेला आणि ढगात मिसळला. आवाज दोनदा फिरला आणि लांब गेला. मुरुगन आकाशाकडे तोंड करून त्याच्या भाषेत ओरडत राहिला. ऑक्सिजनचे पाच सिलिंडर होते. आम्ही शेवटच्यावर आलो.

दुपारी मेश्रामने मास्क बाजूला केला. "साहेब, टायमाची चुकी माहीच होती."

"गप राह्य. बोलू नको."

माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं हे. तीन वाजून पन्नास मिनिटांनी तो गेला.

त्यानंतर चार दिवस हवामान तसंच. पाचव्या दिवशी आभाळ निळं झालं आणि सव्वासातला हेलिकॉप्टर उतरलं, काहीच अडचण नसल्यासारखं. तोवर डब्यातला सांबार गोठून काळा पडला होता. त्याला कोणीच हात लावला नव्हता.

चौकशी झाली. मी जबानीत लिहून दिलं की त्या सकाळी शिक्षा म्हणून मी त्याला दोन तास फावडं दिलं. चौकशी अधिकाऱ्यांनी वाचलं. म्हणाले, "साहब, यह बीमारी किसी को भी हो जाती है. आपने रूटीन काम दिया." कागदावर आलं: कोणाचाही दोष नाही. मी वाद घालायच्या तयारीने गेलो होतो. वाद घालायला समोर कोणीच नव्हतं.

त्याच्या सामानाची यादी करताना क्लार्क अडला. "साहब, पत्थर क्या लिखूँ? घर कौन भेजता है पत्थर?" मी लिही म्हणालो. त्याने लिहिलं नाही. मग तो मोजा मी माझ्या पाठीवरच्या पिशवीत, पिट्ठूत टाकला आणि पुढच्या सुट्टीत एसटीने उमरेडला घेऊन गेलो.

मेश्रामची आई गिरजाबाई आणि बायको सुनीता, दोघीच घरी. समोरच्या खोलीत एक लांब फळी. तिच्यावर सुगरणीचे खोपे, गुंजांनी भरलेली बाटली, सालईचा डिंक, निळकंठाचं पीस. खाली काचेच्या टाकीत मासे. अंगणात तेलाच्या पिंपांत लावलेली झाडं. फळीचा एक कोपरा रिकामा होता. सुनीताने मोजा ओतला आणि गोटे तिथे एकेक करून मांडले. एकतीस भरले. मग ती चहा ठेवायला आत गेली.

आई मला अंगणात घेऊन गेली. म्हणाली, "लहानपणापासून असाच. धुणं धुवाले काढलं का खिशातून गोटे निघत. मी किती वेळा बाहेर फेकले असतीन." मग म्हणाली, "साहेब, त्याले खाली काहून नाही आणलं लवकर?"

मी हवामानाचं सांगितलं. मग फावड्याचंही सांगितलं. सगळं.

ती एका पिंपातली सुकलेली पानं खुडू लागली. "मले सांगितलं, बरं केलं. पण मी हाय तवर सुनीताले नका सांगू. ती तुमचं तोंड नाही पाहणार. अन् तुम्ही येणं बंद केलं, तर त्याले तिथं पाहिलेलं कोणी या घरी येणार नाही."

मी हो म्हणालो. त्या 'हो'ने मला बांधून टाकलं.

पेन्शनवर आल्यापासून मी वर्षातून चार-पाचदा उमरेडला जातो. सुनीता दर वेळी एखादं रोप देते. माझ्या गच्चीवर सत्तावीस कुंड्या आहेत आणि एकही धड नाही. मे महिन्यात पानं भाजतात, वाऱ्याने कोराडीच्या वीज केंद्राची राख येऊन बसते, उरलेलं माकडं उपटतात. माझी बायको कुंदा म्हणते, तुम्हाला जमत नाही, सोडून द्या. सुनीता मात्र नागपूरला आली की आधी गच्चीवर चढते. माती उकरते, बोटाने ओल पाहते, आणि मला रागावते, "दादा, भर उन्हात पाणी नका घालत जाऊ, किती वेळा सांगू तुम्हाले?" माझी मेलेली मोगऱ्याची काडी तिने दोनदा जगवली. ती अशी माझ्या झाडांसाठी खपत असते आणि मी बाजूला झारी धरून उभा असतो. फार चिडचिड होते. तिच्यावर नाही.

गेल्या हिवाळ्यात गिरजाबाई गेल्या. दिवसकार्यानंतर मी दोनदा उमरेडला गेलो, दोन्ही वेळा सांगायचं ठरवून. दोन्ही वेळा तिने माशांची टाकी दाखवली, चहा दिला आणि मी परत आलो. तोंडाने जमत नाही, म्हणून लिहितो आहे.

सुनीता, नाईक दिलीप मेश्राम माझ्या हुकमावर काम करताना पडला. तो आजारी होता आणि मी पाहिलं नाही. कागदावर असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं. तो चांगला सैनिक होता. त्या पोस्टवर आम्ही तेरा जण जिवंत राहिलो आणि आमच्यापैकी प्रत्येकाला त्याची रोज आठवण येते, हे मुरुगननेही तुला सांगायला सांगितलं आहे.

रविवारी सकाळच्या एसटीने मी येतो आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.