उरलेला डोळा

माझ्या डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल आहे. बुबुळावरचा तो पांढरा डाग वयाबरोबर विरला नाही. त्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. चहा ओतताना धार कपाबाहेर जाते. डावीकडून आलेली मोटारसायकल अंगाशी आल्यावरच समजते. उजव्या डोळ्याच्या भरवशावर शेती केली, संसार केला. यंदा त्याच डोळ्यातला मोतीबिंदू काढावा लागला. औषधाच्या थेंबांखेरीज त्यात काहीही जाता कामा नये, जंतू शिरले तर हाही डोळा जाईल, असे नगरच्या डॉक्टरांनी बजावले होते.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी थोरली बहीण बेलापूरहून कोल्हारला आमच्या घरी आली. घरातले कांदाकाढणीला गेले होते. मी काळा चष्मा काढून पडलो होतो. ती डाव्या अंगाला येऊन बसल्याचे मला दिसले नाही. कुणीतरी उजवी पापणी वर ओढली आणि मधाचा वास आला. मी मनगट पकडले. मधाने माखलेले तिचे बोट डोळ्याला टेकण्याच्या बेतात होते.

“अक्का, हे काय?”

“सोड की हात, मोडंल! पोळ्याचा मध हाय, भेसळीचा न्हाई.”

“डोळ्यात मध घालायचा नाही.”

“खळ्यावर तुझ्या डोळ्यात बाजरीचं कुसळ गेलं, तवा आईनं मधच घातला हुता. म्हनून तर तेवढा उजेड राह्यला.”

आमच्या घरात ही समजूत पक्की आहे. कुसळ जिभेने काढणारी एक बाई गावात होती. तिने ते काढले. नंतर डोळा चिघळला, तरी सर्वांनी मधावरच भिस्त ठेवली. दवाखाना गाठला तेव्हा उशीर झाला होता. आई असेपर्यंत मी हे बोललो नाही.

“मधावर थांबलो, म्हणून डोळा गेला, अक्का.”

“आईला बोल लावतोस?”

“आईला नाही. मधाला.”

तिने मधाने माखलेल्या बोटाकडे पाहिले. मग बोट स्वतःच्याच तोंडात घालून म्हणाली, “डोळ्याला चालत न्हाई, तर पोळीला तरी चालंल.”

तेव्हा कुठे मी मनगट सोडले. थेंबांची वेळ झाली होती. तिला साबणाने हात धुवायला लावले आणि बाटली दिली. बाटलीचे टोक इकडेतिकडे डुलत खाली येऊ लागले. मी पापणी मिटू दिली नाही.

“हलू नको रे, भाऊ.”

“तू हलू नकोस.”

पहिला थेंब गालावर पडला. दुसरा डोळ्यात.

“दिसते का मी?”

“दिसतेस.”

“कशी?”

“म्हातारी.”