पूजेतला पाना

खरं सांगायचं तर त्या नवरात्रात मी देवीवर चिडलो होतो. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. पुन्हा पडल्या तर उभ्या राहतीलच असं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून मी रोज देवीपुढे एकच मागणं मागत होतो, की हिला पूर्वीसारखं चालू दे. आई काठी टेकत घरातल्या घरात चालायला लागली आणि गाडी तिथेच अडली. त्यात तिचा हट्ट, की दसऱ्याला माहेरच्या देवीची ओटी भरायला चांदीपला जायचंच. देवी ऐकत नव्हती, आईही ऐकत नव्हती, आणि दोघींच्या मध्ये मी मात्र सगळ्यांचं ऐकत होतो.

खंडेनवमीच्या दुपारी जूचंद्रला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी मोटारसायकलचं ऑइल बदलायला घेतलं. हे काम मी कुणाकडे देत नाही. एका गॅरेजवाल्याने इंजिनाखालचा बोल्ट पहिलवानासारखा आवळून आटे घालवून ठेवले, तेव्हापासून मी कानाला खडा लावला. काम तसं सोपं आहे. बोल्ट काढायचा, जुनं ऑइल पूर्ण गळू द्यायचं, बोल्टाची जागा स्वच्छ पुसायची, नवा तांब्याचा वायसर घालायचा, बोल्ट आधी बोटांनी सरळ फिरवायचा आणि शेवटी पान्याने बेताने आवळायचा. ऑइल गळेपर्यंत चहा घ्यावा म्हणून मी वर गेलो. पार्किंगमध्ये ठेवलेल्या वस्तूंना पाय फुटतात, म्हणून पान्यांची पेटीही बरोबर नेली. ही माझी हुशारी.

चहा संपवून पाहतो तर पेटी रिकामी. देवघरापुढे पाटावर लाल कापड, त्यावर विळी, कात्री, अडकित्ता आणि माझे सगळे पाने ओळीने झोपवलेले. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल.

"आई, अगं बोल्ट आवळायचा राहिलाय!"

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाय. उद्या दसऱ्याला उठतील, तवा आवल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी मागायला गेलो, तर त्यांचेही पाने पाटावर बसलेले. उभ्या इमारतीत त्या दिवशी एक पाना मोकळा नव्हता. शेवटी बोल्ट बोटांनी जमेल तितका घट्ट केला, नवं ऑइल ओतलं आणि सकाळी आवळू म्हणून सोडून दिलं. रागारागात देवीला मनात म्हटलंसुद्धा, बघ बाई आता तूच.

सकाळी घरात तोरणं, हार, पुरणाची घाई. रिक्षाने आईला न्यायचं ठरवलं होतं, तर नाक्यावरच्या सगळ्या रिक्षा धुऊन, हार घालून पूजेसाठी उभ्या. भाडं घ्यायला कुणी तयार नाही. आईचा धोशा सुरू, "गाडी हाय ना तुझी!" गाडीखाली पाहिलं, थेंबही नव्हता. उभ्या गाडीत वायसर ऑइल धरून ठेवतो. इंजिन हादरायला लागलं की बोल्ट हळूहळू फिरतो, हे मला माहीत होतं. पण त्या गडबडीत आवळायचं राहिलं ते राहिलंच. हार घातलेल्या गाडीवर आईला मागे बसवलं आणि हायवेने निघालो.

चांदीप थोडं पुढे राहिलं असताना आतल्या अरुंद रस्त्यावर एका घरासमोर निम्मा रस्ता व्यापून रांगोळी काढलेली. आई मागून ओरडली, "सणाच्या दिवशी रांगोलीवरून घालू नको!" आता रस्ता रांगोळीसाठी असतो का गाडीसाठी, असं तोंडावर आलं होतं, पण थांबलो. आई काठी टेकत खाली उतरली. तेवढ्यात त्या घरातल्या मावशी बाहेर आल्या. आईने त्यांचं माहेर विचारलं, त्यांनी आईचं. झालं! मी हेल्मेट काढून उन्हात उभा, आणि या दोघी कुणाची सून कुणाच्या घरात यावर येऊन पोचलेल्या. मी निघायची घाई करत गाडी जरा पुढे ढकलली, तशा मावशी कडाडल्या.

"अरे मेल्या, काय सांडतंय ते? माझी सगली रांगोली काली केलीस!"

मी वाकून पाहिलं. बोल्ट जेमतेम एक-दोन आट्यांवर लोंबत होता. ऑइल उडून मागचं टायर चकाकत होतं. पुढे थोड्याच अंतरावर रस्ता एकदम वळतो, कडेला कठडा नसलेली मोरी आहे. त्या वळणावर गाडी कलली असती, की आई रस्त्यावर होती.

मावशींकडे पाना मागितला. त्या आत बघत म्हणाल्या, "हाय, पन पूजेत हाय. आमच्यात दसऱ्यालाच पुजतात." मला हसावं की रडावं कळेना. मावशी आत गेल्या, देवीपुढे हात जोडले, आणि विहिरीच्या पंपाचा पाना घेऊन आल्या. कुंकू अजून ओलं होतं. "तिनंच दिलाय असं समज," म्हणाल्या, "आवल लवकर."

मी बोल्ट पुसला, वायसर सरळ बसवला, बोटांनी फिरवला, मग पान्याने आवळला. मावशींनी चुलीतली राख आणि पाणी आणून दिलं. त्याने टायर घासून कोरडं केलं. ऑइल मापाच्या खालच्या खुणेला टेकलं होतं, सावकाश पोचण्यापुरतं. मावशींनी तेलकट झालेला पाना पुसलाही नाही, तसाच नेऊन पाटावर ठेवला आणि वर पुन्हा फूल वाहिलं. मग काळी झालेली रांगोळी सावरायला बसल्या, माझ्या नावाने अजून पुटपुटतच.

यात देवीने काय केलं आणि योगायोगाने काय, हे मला सांगता येणार नाही. कुणाशी वाद घालायची इच्छाही नाही. एवढंच वाटतं, की "तूच बघ" म्हणून मी रागाने टाकलेलं ओझंसुद्धा तिने उचललं. देवावर सोपवायचं, ते आपल्या हातातलं नीट आवळून झाल्यावर. आता मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच ऑइल बदलतो आणि पाने स्वतः पुसून आईच्या हातात देतो.

त्या दिवशी त्या वळणावर मी गाडी ढकलत नेली. आई गाडीवर बसायला तयार नव्हती. एका हाताने काठी टेकत, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून ती मोरी ओलांडून पुढे गेली. देवळात तिने ओटी भरली. मीही हात जोडले, पण इतके दिवस रोज मागत होतो ते मागणं काही केल्या तोंडातून निघेना. आई माझ्या शेजारी, तिच्या दोन पायांवर उभी होती.