फोटोत नसलेली

पेपरात आज माझ्या भाचीच्या, केतकीच्या संघाचा फोटो आलाय. बोटींच्या शर्यतीत पुन्हा पहिला नंबर. फोटोत वल्ही मारणाऱ्या आठही जणी आहेत, केतकी नाही. ती कॉक्स, म्हणजे टोकाला बसून सुकाणू सांभाळणारी, ओरडून ताल देणारी. जिंकल्यावर कॉक्सला उचलून पाण्यात फेकायची यांची रीत. ती पोहत काठाला येईपर्यंत फोटो काढून झालासुद्धा. दर वेळी हेच. घरातलं कपाट पदकांनी भरलं, पण फोटोत ती कुठेच नाही.

"ती नुसती बसून तर असते," शेजारचे काका म्हणाले.

नुसती? वल्हवणाऱ्या सगळ्या जणी जायच्या दिशेला पाठ करून बसतात. समोरचं पाणी तिला एकटीलाच दिसतं. एकदा तिला आधी पाण्यात टाका आणि मग शर्यत सुरू करा म्हणावं. बघू, बोट कुठल्या काठाला लागते ते.