बैल आहे, नंदी नाही

आमच्या इमारतीच्या आवारात, पंपरूमला लागून, काळ्या दगडाचा एक बसलेला बैल आहे. तो मी घडवला. लांबी छत्तीस इंच, रुंदी पंधरा, पाठीची उंची अठरा. अठरा इंच म्हणजे खुर्चीची उंची, आणि हे योगायोगानं झालेलं नाही. वजन करायला काटा नव्हता. घनफळावरून काढलं तर साडेतीनशे किलोच्या आसपास भरतं. पाठीवर दोन माणसं बसतात, त्यांच्यात सलोखा असेल तर.

त्याला डोळे नाहीत. ते राहून गेलेले नाहीत, मी ते मुद्दामच रेखलेले नाहीत. हे मला इतक्यांदा सांगावं लागलं आहे की आता एकदा लिहूनच ठेवते.

माझ्या वडिलांची लालबागला गणपतीची शाळा होती. आम्ही कोकणातले, मूर्तीच्या कारखान्याला आम्ही शाळा म्हणतो. तिथं कामाची वाटणी ठरलेली होती. देव वडिलांकडे आणि दादाकडे, उंदीर माझ्याकडे. मुलीच्या हाती देवाची माती द्यायची पद्धत नव्हती. उंदराला कुणाची हरकत नव्हती. गल्लीतली मुलं मला उंदीरवाली म्हणायची, आणि दादा त्यांना थांबवायचा नाही, कारण ते नाव त्यानंच ठेवलं होतं.

शेवटचं काम आखणीचं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते आधी वडील करायचे, मग दादा करू लागला. आज लालबाग-परळमध्ये त्याच्यासारखा हात कमी जणांचा आहे, हे मी त्याच्याशी भांडत असतानाही मान्य करते. आखणीआधी मूर्ती माती असायची. आम्ही तिच्या मांडीवर चहाचा कप ठेवायचो, सोंडेला ओला फडका अडकवायचो. आखणी झाली की तीच माणसं चपला बाहेर काढून, आवाज खाली आणून वावरायची. मधे फक्त ब्रशच्या दोन-चार रेघा. त्या रेघांचं सामर्थ्य मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून तर त्या कुठे काढायच्या नाहीत हेही माहीत आहे.

उंदीर पुष्कळ लागायचे, त्यामुळे मी त्यांतलं एकेक कमी करत गेले. आधी बोटं गेली, मग मिशा, मग मान. शेवटी उरली एक पाठ, दोन कान आणि शेपटीचा वळसा. वडिलांनी एक उचलून उजेडात धरला.

"ह्यो उंदीर काय लाडू गो?"

"उंदीर."

"कशावरून?"

"तुम्ही आधी उंदीर म्हणालात."

ते हसले आणि तो पाटावर ठेवला. गिऱ्हाईकांपैकी एकानंही विचारलं नाही. उंदीर दिसत होता, विषय संपला.

पुढे मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवू लागले, अजून शिकवते. मुलांना अपूर्णांकाचं अतिसंक्षिप्त रूप शिकवताना मला माझे उंदीर आठवतात. अठरा छेद चोवीस आणि तीन छेद चार, किंमत तीच. आकडे कमी झाले म्हणून किंमत कमी होत नाही. प्राण्यांचंही मी एवढंच करते. घरी स्वयंपाकाच्या ओट्याच्या टोकाला बसून मी मांजरं केली, कावळे केले, रवंथ करणाऱ्या म्हशी केल्या. गिरगावात एका प्रदर्शनात मला एक टेबल मिळालं होतं. एका बाईंनी म्हैस उचलून विचारलं, "लहान मुलांसाठी आहे का?" मी म्हटलं, "म्हशींसाठी आहे." म्हैस विकली गेली नाही. ती अजून आमच्या फ्रिजवर आहे.

काळाचौकीची आमची चाळ पाडली तेव्हा जोत्याचे दगड ट्रकमधून जायला लागले. त्यातला एक मी मागून घेतला. दादरला पुलाखाली पाटे-वरवंटे घडवणारी एक बाई बसायची. तिच्याशेजारी बसून मी छिन्नी धरायला शिकले होते. नवी इमारत उभी राहून आम्ही सगळे परत राहायला आलो, तेव्हा सोसायटीच्या परवानगीनं पंपरूमच्या बाजूला ताडपत्री बांधली आणि सुट्टीच्या दिवशी काम सुरू केलं. याच दगडावर पाय ठेवून चार मजल्यांची माणसं चाळीत चढली-उतरली होती. आता बावीस मजले आहेत, दोन लिफ्ट आहेत आणि खाली बसायला काहीही नाही. म्हणून बैल, म्हणून बसलेला, म्हणून अठरा इंच.

शिंगं पाठीकडे वळवून मानेत मिसळली. कपाळ सरळ उताराचं ठेवलं, माथ्यावर वीतभर सपाटी. ताडपत्री काढली त्याच संध्याकाळी नवव्या मजल्यावरचे काका, जुने गिरणी कामगार, लिफ्टची वाट बघत त्यावर टेकले. कुणी सांगितलं नव्हतं. मग मुलं बसू लागली, भाजीच्या पिशव्या टेकू लागल्या. पाठ हळूहळू गुळगुळीत व्हायला लागली. तेवढं पॉलिश मी मुद्दाम शिल्लक ठेवलं होतं.

श्रावणात एका सोमवारी त्याच्यापुढे बेलाचं पान दिसलं. पुढच्या सोमवारी फूल आणि उदबत्ती. मुलं बसायला आली तर पहिल्या मजल्यावरच्या आजी ओरडल्या, "उतरा रे, पाय लागतो!" आणि मग सेक्रेटरी मला गेटपाशी भेटले. माणूस भला आहे.

"बाई, काम एक नंबर झालंय. फक्त आखणी राहिलीय."

"राहिली नाही. नाहीच आहे."

"तसं नाही हो, डोळ्यांशिवाय अपुरं वाटतं. लोक भक्तिभावानं फूल ठेवतायत, त्यांचाही विचार करायला नको?"

मीटिंगमध्ये विषय आला. डोळे काढायचे, वर छोटं छत करायचं, समोर पिंड बसवायची. माझ्या शेजारी समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण बसली होती. आम्ही चाळीतही समोरासमोर राहायचो. तिच्या घरी बुद्धांची तसबीर, माझ्या घरी गणपती, आणि दोन्ही घरांत एकच मिक्सर, कारण दुसरा कायम बिघडलेला. ती उभी राहिली.

"आज डोळे, उद्या शेंदूर, परवा घंटा. मग पाणी सोडायला पंपरूममध्ये जायचं तर आम्ही काय प्रदक्षिणा घालून जायचं?"

लोक हसले. हात वर झाले तेव्हा मात्र आमच्या बाजूचे अकरा आणि समोरचे एकोणतीस होते. मी दोनदा मोजले.

"बाई, नाराज होऊ नका," सेक्रेटरी म्हणाले. "बाहेरचा माणूस नाही बोलावत. तुमच्याच भावाला सांगितलंय. घरचंच काम झालं."

त्यांना खरंच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल.

रविवारी सकाळी दादा आला. हातात ब्रशांची गुंडाळी, रंगाच्या दोन डब्या. सेक्रेटरी, आजी, आणखी पाच-सहा जण जमले होते. मी बैलावर बसले होते.

"उठ गो."

"नाही."

"कमिटीनं बोलावलंय मला. खेळ नाही."

"मीही खेळत नाही. तू डोळे काढलेस की हा नंदी झाला. नंदी झाला की काकांनी टेकायचं कुठे? तुला ठाऊक आहे तुझ्या दोन रेघांनी काय होतं."

"लोकांना देव हवा असेल तर तू कोण नको म्हणणारी?"

"माझ्या घरी गणपती येतो. त्याची आखणी तूच करतोस, आणि झाल्यावर मी त्याच्यापुढे चप्पल काढते. देव मला हवाच आहे. पण हा देव नाही, बैल आहे. बसायला केलाय."

"लहानपणापासून अशीच," दादा जमलेल्यांना म्हणाला. "उंदरांचे डोळे काढायला गेलो तरी भांडायची. उंदीरवाली!"

"उंदीरवालीच्या दगडाला हात लावायचा नाही."

कुणीतरी हसलं. दादा दोन पावलं मागे गेला आणि बैलाकडे बघायला लागला, आखणीआधी मूर्तीकडे बघतो तसा, मान वाकडी करून, एक डोळा मिटून. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. तेवढ्यात मैत्रीण चहा घेऊन आली. दादानं एका हातात गुंडाळी धरली होती, दुसऱ्यात डब्या. डब्या त्यानं खाली ठेवल्या, कप घेतला, एक घोट प्यायला आणि बघता बघता कप बैलाच्या माथ्यावर ठेवून दिला. वीतभर सपाटीवर, बरोबर मधोमध.

त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आधी त्यानं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुद्दाम ठेवलीस काय गो ही जागा?"

"नाही. तुझा हात गेला तिकडे."

"हो," तो म्हणाला. मग सेक्रेटरींकडे वळला. "साहेब, मला हे काम जमणार नाही."

"अहो, पण डोळे..."

"काढायचे म्हटलं तर कुठेही काढेन. पण पूर्ण झालेल्या कामावर मी ब्रश लावत नाही."

"तुम्हाला हे पूर्ण वाटतं?"

"आवडलं नाही मला," दादा म्हणाला. "बैलासारखा बैल करता येतो हिला, तरी करत नाही, हा हट्ट आहे. पण अपुरं काम आणि न आवडलेलं काम यातला फरक मला कळतो." मग मला म्हणाला, "सरक."

मी सरकले. चहा संपेपर्यंत आम्ही दोघं त्यावर बसलो. मला वाटलं होतं तेवढी अडचण झाली नाही.

ठराव अजून रद्द झालेला नाही. आखणीसाठी दुसरा माणूस बघू, असं सेक्रेटरी अधूनमधून म्हणतात. मी म्हणते, बघा. लालबागमध्ये डोळे काढणारे बरेच आहेत. त्यांतले निम्मे दादाच्या हाताखाली तयार झाले, आणि त्यानं नाही म्हटलेल्या कामाला हात कोण लावतो ते मलाही बघायचं आहे.

सोमवारी सकाळी कुणीतरी अजून फूल ठेवतं. मी ते उचलते, तुळशीच्या कुंडीत ठेवते, कारण फुलाशी माझं भांडण नाही. मग बैलावर बसते आणि शाळेची वेळ होईपर्यंत मुलांच्या वह्या तपासते. पहिल्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून बघतात आणि मोठ्यानं सुस्कारा सोडतात. परवा लिफ्ट बंद होती. त्या खाली आल्या, थोडा वेळ काठीवर रेलून उभ्या राहिल्या.

"आजी, बसा."

"नको गं बाई, पाप लागेल."

"बैलावर बसून कसलं पाप?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, पदर सावरला. "डोळे नाहीत ना अजून?" त्यांनी विचारलं.

"नाहीत."

"मग सरक थोडी."