पोथीत उंट निघाला त्या रविवारची गोष्ट

रविवारी सकाळी सहाला कुणी उठवलं की मी माणसात नसते. पण गंगापूर रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हरजीतकाकूंना हे सांगणार कोण? काकू शीख, जन्म नाशिकचा. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा खणखणीत आणि आवाज त्याहून.

"दोन महिने नुसतं येते-येते म्हणतेस," त्या दारातूनच म्हणाल्या. "आज पोथी उघडायची आहे. आलीस तर आलीस, नाहीतर मागाहून फोटो मागू नकोस."

मी ओढणी शोधली आणि निघाले.

आम्ही चाललो होतो चांदवडच्या पुढे, देवळ्याच्या रस्त्याला. तिथे शिकलगार शिखांची वस्ती आहे, वीस-बावीस घरांची. यांचे वाडवडील तलवारींना धार लावायचे, हे लोक आता विळे, खुरपी आणि लोखंडी कढया करतात. नाशिकहून दीड-पावणेदोन तास लागतात. हायवे गुळगुळीत आहे, पिंपळगावला टोल लागतो, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. आमच्यात नव्हते. काकूंनी टोलवरच्या माणसाला गणिताच्या पेपरात नापास केल्यासारखं बघितलं, पण दुप्पट भरावेच लागले. पुढे एका टपरीवर मिसळ खाल्ली. ऐंशी रुपये, पाव लागतील तेवढे, रस्सा असा की नाक-डोळे एकदम मोकळे. सकाळचा माझा राग तिथे उतरला.

चांदवडपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल कांदा काढायचं काम चाललेलं. काकू गाडी चालवता चालवता सांगत होत्या. त्या दर रविवारी वस्तीत गुरुमुखी शिकवायला जातात. गुरूंची वाणी त्या लिपीत आहे आणि वस्तीत एकालाही ती वाचता येत नाही.

"मग विद्यार्थी किती?" मी विचारलं.

"तीन. त्यातली एक झोपते."

बाकीच्यांचं म्हणणं एकच, आमच्याकडे पोथी आहे, आम्ही तिच्यापुढे डोकं टेकवतो, आणखी शिकायचं काय? ही पोथी तारासिंग नावाच्या लोहाराच्या घरी असते. त्याच्या आजोबांनी ती नांदेडहून आणली होती. दर गुरुपुरबला, म्हणजे गुरू नानकांच्या जयंतीला, तिच्यावर एक नवा रुमाल बांधायचा, जुना न सोडता. वाचताना चूक झाली तर पाप लागेल या भीतीने ती कधी उघडलेलीच नाही.

"आणि आजच का उघडायची?"

"ते त्यालाच विचार," काकू म्हणाल्या.

तारासिंग भात्यापाशीच भेटला. पन्नाशीचा, भगवी पगडी, हात मुसळासारखे. चहा आला, मग त्याने स्वतःच सांगितलं.

"माझी सिमरन धाव्वीला हाय चांदवडला. मागल्या जयंतीच्या आदल्या दिवशी वर्गात सरांनी तिला उभं केलं. म्हणले, सांग, तुमच्या गुरूंनी काय शिकवलं. पोरगी उभी ऱ्हायली, रडत घरी आली. मला म्हणली, बापू, तुम्ही सांगा. मला तरी कुठं ठावं?" त्याने कप खाली ठेवला. "लय लाज वाटली, ताई. औंदा गुरुपुरबला पोथी माझ्या घरातल्या माणसानंच वाचायची. तीन आठवडे हायेत."

सिमरन म्हणजे काकूंच्या तीन विद्यार्थ्यांपैकी न झोपणारी.

एव्हाना अख्खी वस्ती दारात जमली होती. सगळ्यांनी डोकी झाकली, चपला बाहेर काढल्या. पाटावर पोथी होती, चांगली उशीएवढी. तारासिंगने हात धुतले आणि पहिली गाठ सोडली. पिवळा रुमाल. मग निळा, मग जरीचा, मग एक टेरिकॉटचा. प्रत्येक रुमाल निघाला की म्हाताऱ्या बायका सांगायच्या, हा अमक्याच्या लग्नाच्या साली आला, हा दुष्काळात. मी आधी मोजत होते, नंतर नाद सोडला. पोथी मात्र बारीक बारीक होत चालली होती.

शेवटचं खादीचं फडकं निघालं. आत पाटीएवढं, पातळ, पिवळं पडलेलं पुस्तक. काकूंनी दोन्ही हातांनी पहिलं पान उघडलं. मी वाकून पाहिलं. पानावर उंट होता.

"पोथीत उंट?" तारासिंग म्हणाला.

"हा कायदा आहे," काकू हळूच म्हणाल्या. "म्हणजे बालपोथी. पोरांना अक्षरओळख करून देतात ती. पहिल्या अक्षराला उंट, दुसऱ्याला आंबा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तारासिंगचा चेहरा बघवेना. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं उंटापुढं डोकं टेकवलं," एवढंच बोलून तो बाहेर भात्यापाशी जाऊन बसला. मला खूप वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं हसूही येत होतं, त्याचीच मग लाज वाटली.

पुस्तक उचललं ते सिमरनने. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने काहीतरी गिरवलेलं होतं. तीच पाच अक्षरं, ओळीमागून ओळी, जाड आणि वाकडी. एका ठिकाणी तर कागद फाटलेला.

काकूंनी चष्मा वर केला. "हे पोराचं अक्षर नाही. घण मारणाऱ्या हाताचं आहे. गुरुमुखीच्या मुळाक्षरांची पहिली ओळ पाचच अक्षरांची असते. तेवढी जमलीय."

सिमरन पुस्तक घेऊन बाहेर गेली, आम्ही मागोमाग. "बापू, पणजोबा शिकत होते," ती म्हणाली. "त्यांनी हे बांधून ठेवायला नव्हतं आणलं."

तारासिंगने ती पानं बराच वेळ पाहिली. फाटलेल्या जागेवर अंगठा फिरवला. डोळे पुसले, धुराचं निमित्त केलं. मग उठून परत हात धुतले, पाटासमोर मांडी घातली आणि म्हणाला, "बहनजी, सहावं कोणतं?"

त्या दिवशी वर्गात तिनाचे एकोणीस झाले. मघाशी हसलेला सगळ्यात पुढे बसला होता. जेवायला तिथल्याच कढईतली वांग्याची भाजी आणि भाकरी होती. पैशांचं नाव काढू दिलं नाही, म्हणून मी एक कढई विकत घेतली. तुम्ही गेलात तर तुम्हीही घ्या, पण बसच्या भरवशावर जाऊ नका, कढई जड असते.

निघताना रुमालांचा ढीग तसाच पडला होता. त्यांचं काय करायचं हे काकूंनीच ठरवलं. पुढच्या रविवारी घरटी एक कायदा आणि त्यावर एकेक जुना रुमाल. अट एकच, गाठ मारायची नाही.

गुरुपुरबच्या दुपारी काकूंनी मला त्यांच्या फोनवर आलेला आवाज ऐकवला. खरी पोथी काकूंनीच नेऊन दिली होती. तारासिंग पहिली ओळ वाचत होता, अक्षर अक्षर जुळवत. मध्येच अडला. सिमरन म्हणाली, "बापू, परत." त्याने परत वाचली, पूर्ण. मग वस्तीचा एवढा गलका झाला की पुढचं काही ऐकूच आलं नाही. काकू खिडकीबाहेर बघत नाक पुसत होत्या.

मी घरी आले. आमच्या देवघरात लाल कापडात बांधलेली एक पोथी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला हळद-कुंकू वाहते. मी ती खाली काढली. गाठ इतकी घट्ट होती की दात लावावे लागले.

"आज काय आहे गं?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"काही नाही आई. आत काय लिहिलंय ते बघतेय."

त्या हात पुसत आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. "मग मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. "मलाही माहीत नाही."