माळ्यावर गेलेला टोस्टर

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असताना माझं लग्न झालं आणि मी राधानगरीहून कोल्हापुरात, मंगळवार पेठेत नांदायला आले. घरात सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं. सासूबाईंना मी आत्या म्हणायची, सासऱ्यांना मामा आणि जाऊबाईंना ताई. ताई अंगानं उंच, आवाज खणखणीत. स्वयंपाकघरावर त्यांचाच अंमल चालायचा.

माझी एक गोष्ट सासरी थोड्या कौतुकानं आणि थोड्या संशयानं सांगितली जायची. मी आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला होता आणि वर्गात एकटीच मुलगी होते. कुणी पाव्हणं आलं की मामा सांगायचे, आमची धाकटी सून बल्ब बदलते. मी अख्ख्या घराचं वायरिंग करून दिलं असतं, पण नव्या नवरीनं हे बोलून दाखवायचं नसतं एवढं मला कळत होतं.

टोस्टर घरात आला तो दिरांच्या हौसेनं. दोन स्लाइस मावणारा, चकचकीत, खटका दाबला की पाव आत आणि भाजला की वर. पहिले काही दिवस शेजारच्या बायका तो बघायला यायच्या. पुढं मी चार दिवस माहेरी गेले आणि नेमकं तेव्हाच ते घडलं. सकाळी स्लाइस आत अडकली, वर येईना, धूर निघायला लागला. ताईंनी स्टीलचं उलथणं घेतलं आणि त्याच्या टोकानं ती उचकायला गेल्या. बटण चालूच होतं, फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. असा झटका बसला की हात मागं फेकला गेला आणि कोपर ओट्याच्या कडेवर आदळलं. डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. कोपराची सूज चार-आठ दिवसांत उतरली.

मी परत आले तेव्हा टोस्टर जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला होता. ही वस्तू घराला लाभत नाही, असा निकाल आत्यांनी देऊन टाकला होता. त्यावर कुणाची तक्रार नव्हती. मला खटकलं ते वेगळंच. ताईंनी मिक्सरला हात लावणं सोडलं होतं. एवढ्या माणसांचं वाटण त्या पाट्यावर वाटायच्या आणि कुणी विचारलंच तर पाट्यावरच्या चटणीची चव वेगळी असते म्हणायच्या. इस्त्रीचे कपडे बाहेर जायला लागले. एकदा तर पंख्याचं बटण त्यांनी लाटण्याच्या टोकानं दाबलेलं मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांना कळलं, आणि त्या आत निघून गेल्या.

सगळ्या गल्लीला दबकावणारी बाई स्वतःच्या घरात बटणाला भीत होती. यावर उपाय काय ते मला पक्कं ठाऊक होतं. समजूत घालून भीती जात नाही. ज्याची भीती वाटते ती वस्तू उघडून दाखवावी लागते.

एका रविवारी जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी बाहेर पडली. मी माळ्यावरनं टोस्टर काढला, बाहेरच्या सोप्यात वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ठेवला. ताई दारातच थांबल्या.

"मी हितनंच बघतो. जवळ न्हाई येत," त्या म्हणाल्या. आमच्याकडं बायकासुद्धा येतो-जातोच म्हणतात.

मी म्हटलं, तिथनंच बघा. मग वायर हातात घेऊन मोकळा प्लग त्यांना दाखवला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतनं काढून असा डोळ्यांसमोर ठेवायचा, हे सांगितलं. वापरलेला असेल तर पूर्ण गार होऊ द्यायचा. आतल्या तारा दाखवून सांगितलं, यातनं वीज जाते आणि तुमचं उलथणं यालाच लागलं. आत धातूचं काही घालायचं नाही, पाणी तर नाहीच. ऐकता ऐकता त्या उंबऱ्याच्या अलीकडं आल्या.

टोस्टरच्या बुडाला एक झाकण होतं. घरात ते कुणी कधी उघडलंच नव्हतं. खिट्टी सरकवल्याबरोबर कागदावर काळ्या चुऱ्याचा ढीग पडला, त्यात एक वाळलेलं झुरळ. मी टोस्टर उलटा करून हलकेच थोपटला. मग रंगाचा एक नवा, मऊ ब्रश घेऊन तारांना धक्का न लावता कोपरे झाडले. खटक्याच्या दांडीपाशी मात्र काहीतरी घट्ट चिकटलं होतं, करपून काळं झालेलं. लाकडी काडीनं ते सोडवलं. नाकाशी धरलं तर गुळाचा आणि वेलदोड्याचा वास. पाव वर का येत नव्हता ते कळलं, पण ब्रेडला वेलदोड्याचा वास कुठला, असं मी मोठ्यानंच म्हटलं.

आत्या मागच्या खोलीत पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. तिकडनं आवाज आला.

"ती पुरणपोळी हाय. मीच घातलीती. शिळी हुती, म्हटलं गरम हुईल."

मग ताई हसायला लागल्या. भिंतीला टेकून, पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आत्या बाहेर येऊन बसल्या आणि जरा वेळानं त्याही हसल्या. मग ताईंचं कोपर हातात घेऊन त्यांनी विचारलं, अजून दुखतंय व्हय गं? ताईंनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्यासमोर हात पुढं केला. मी ब्रश दिला. उरलेली बाजू त्यांनी झाडली.

बाहेरचा पत्रा घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसून मी कोरडा केला. वायर कुठं चिरली नाही ना ते बोटांनी चाचपून पाहिलं. झाकण लावून प्लग जोडला आणि टोस्टर एकदा रिकामाच चालवला. खटका टक्कन वर आला तेव्हा ताई दचकल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. प्लग काढायला मात्र तयार होईनात. मी आग्रह केला नाही. त्याच आठवड्यात सकाळी अंथरुणात असताना मला मिक्सरची घरघर ऐकू आली, आणि मी मुद्दाम उशिरा उठले.

पुढं दर पंधरवड्याला ताईच टोस्टर साफ करायच्या, माझ्यापेक्षा बारकाईनं. दोन हजारनंतर कधीतरी त्याची तार जळाली. नवा घ्यायला आम्ही दोघी गेलो. दुकानदार ताईंना रंग दाखवत होता. ताईंनी काउंटरवरचा टोस्टर सरळ उचलून उलटा केला.

"चुरा कुठनं निघतो ते दाखवा आधी," त्या म्हणाल्या. "मग बोलू की रंगाचं."

दुकानदारानं तीन टोस्टर उघडून दाखवले, चौथा ताईंना पटला. दुसऱ्या दिवशी मामांनी त्यातला टोस्ट चहात बुडवून खाल्ला आणि खारी याच्यापेक्षा बरी म्हणून सांगितलं. ताईंनी त्यांच्या ताटलीत आणखी एक ठेवला.